आदगोंडांचा डबा

डबा बिस्किटांचा.
झाकणावरची गुलाबं पुसून गेलेली,
आत जुन्या धोतराची घडी, आणि घडीत
आदगोंडा चौगुल्यांची सगळी इस्टेट:

बाभळीचे काटे, सात.
साळिंदराचं पीस, टोकाला पिवळं पडलेलं.
बांबूची काडी, दर सोमवारी नव्यानं तासलेली.
महाद्वार रोडच्या एका दातांच्या डॉक्टरनं
टाकून दिलेला आकडा,
ज्यानं आधी माणसांच्या दाढा कोरल्या, मग
शिशाच्या नाण्यावरचं धनुष्य.
आणि लहान मुलाचा ब्रश, केस विस्कटलेला.
तो कुणाचा, मी कधी विचारलं नाही.
त्यांच्या घरी लहान मूल मी पाहिलं नव्हतं.

हुपरीत पैंजणं ठोकता ठोकता
त्यांचा डावा कान गेला,
मग संग्रहालयात रोजंदारीवर लागले.
म्हणायचे, "चांदी चमकवायला शिकलो
त्यात अर्धं आयुष्य गेलं.
आता न चमकवायला शिकतोय.
हे जास्ती अवघड, आन् पगार कमी."

पहिल्या दिवशी मी विचारलं, चिंच का नाही लावत?
आमच्या घरचा तांब्याचा बंब
दिवाळीत चिंचेनं लखलखायचा.
ते बोलले नाहीत.
बॅटरीत घालतात ते पाणी वाटीत ओतलं,
हिरवा गोळा त्यात सोडला,
वर बशी झाकली.
"आठवड्यानं ये."

आठवड्यानं काटा हातात दिला.
"मातीपेक्षा टणक, तांब्यापेक्षा मऊ.
तेवढ्या मधल्या जागेत आपलं काम.
आडवा धर, बाई.
उभा धरलास की खणतीस."

डब्याच्या तळाशी एक नाणं होतं.
चेहऱ्याच्या जागी
नुसती गुळगुळीत चकाकी, चमच्याच्या पोटासारखी.
वहीत नोंद राहिली असेल म्हणून
मी पेन उघडलं.
"ते ऱ्हाऊ दे. ते हत्यार हाय."

नदीकाठी पाया खणताना आलेलं, म्हणाले.
कडेनं अक्षरं होती, सहा.
दुपारी साहेब बघायला येणार होते
म्हणून सकाळीच आकडा घेतला,
जरा उजळ दिसावं म्हणून.
"साहेब आले तवा दोन होती."

कुठली होती सहा?

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला,
मला पुन्हा विचारावं लागलं.
"वाचता येत असतं
तर थांबलो असतो की."

आता डबा माझ्याकडे.
काम सुरू करण्याआधी ते नाणं
मी तळहातावर घेते, उलटं करते, परत ठेवते.
का ते विचारलं तर सांगता येणार नाही.

मागच्या बुधवारी सुबराव गवंडी आला,
रुमालात काहीतरी गुंडाळून.
"राख-लिंबानं घासलंय मॅडम, दोन तास."
तान्ह्या पोराच्या टाचेसारखं गुलाबी.
आडव्या उजेडातसुद्धा काही उठेना,
एक शेपूट सोडून. घोडा असेल. बैलही असेल.
मी रागवायला तोंड उघडलं
आणि आमचा बंब आठवला.
चहा घेणार का, म्हटलं.
त्याचं नाव वहीत लिहिलं, ठळक,
तेवढं तरी वाचता यावं.

काटे बोथट झाले होते.
सुटल्यावर रंकाळ्याच्या मागच्या अंगाला गेले,
बाभळीचे नऊ-दहा तोडून
पर्समध्ये टाकले, घाईत, कागदात न बांधता.

केएमटीत कंडक्टरनं पाचाचं नाणं परत दिलं.
मी ते खिडकीकडे तिरपं धरलं,
आकड्याच्या पोटात काळा मळ होता.
"चालतंय बाई ते," तो म्हणाला,
"सकाळपास्नं चारदा फिरलंय."

पर्समधला काटा कापडातून बोटाला लागला.
मी हात काढला नाही.
दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख
नाण्याच्या कडेवरून फिरवत राहिले,
आडवं.